गुलाबगंधी जिरेनियम: कुंडीत टिकवावे कसे आणि पानांचे करावे काय?

गॅलरीतली_बाग (पुणे):

नमस्कार. गेल्या हिवाळ्यात मी एका रोपवाटिकेतून सुगंधी पानांच्या जिरेनियमची दोन रोपे आणली. त्यांपैकी एकाचे पान चुरडले की गुलाबाचा वास येतो, पण त्या वासाला मागून एक हिरवट, किंचित पुदिन्यासारखी धार असते. दुसरे रोप ‘डास पळवणारे झाड’ म्हणून विकत मिळाले. त्याची पाने खोल कातरलेली आहेत आणि वास लिंबू व गवती चहा यांच्या दरम्यानचा आहे. दोन्ही रोपे पूर्वेकडच्या गॅलरीत आहेत. तेथे सकाळी अकरापर्यंत ऊन असते आणि पावसाळ्यात वाऱ्याबरोबर थोडी झड आत येते.

जानेवारी-फेब्रुवारीत दोन्ही झाडे इतकी जोमात होती की येता-जाता पदर लागला तरी गॅलरी दरवळत असे. उन्हाळाही त्यांनी बऱ्यापैकी सोसला. आता पाऊस ओसरल्यावर मात्र गुलाबाच्या वासाच्या झाडाचे खोड मातीपासून चार बोटे वरपर्यंत काळे आणि मऊ पडले आहे. खालची पाने पिवळी होऊन गळतात, पण शेंड्याकडचे दोन फुटवे अजून हिरवे आहेत आणि त्यांचा वासही शाबूत आहे. दुसरे झाड निरोगी आहे, मात्र त्याची खालची काठी उघडी पडली असून पानांचा झुबका तेवढा टोकाला उरला आहे.

मला जाणकारांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पहिली म्हणजे हे झाड वाचवता येईल काय, आणि दर पावसाळ्यात असेच होणार असेल तर त्यावर कायमचा उपाय कोणता? दुसरी म्हणजे डास पळवण्याच्या दाव्यात तथ्य किती? घरात लहान मूल आहे आणि आमच्या भागात डेंग्यूचे रुग्ण दरवर्षी आढळतात, म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी केवळ कुतूहलाचा नाही. तिसरी गोष्ट पानांच्या वापराची. सासूबाईंचे म्हणणे आहे की इतका सुरेख वास असलेले पान बासुंदीत का घालू नये. ते खाण्यास सुरक्षित आहे काय, आणि घरच्या घरी त्याचे तेल काढता येते काय, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

कुंडी_आणि_खुरपे (नाशिक):

आपल्या झाडाचा बुंधा गेला, असे समजून चालावे. त्यावर औषध ओतण्यात आता अर्थ नाही. शेंड्याचे जे दोन फुटवे हिरवे आहेत तेच यापुढचे आपले झाड आहे, आणि ऑक्टोबर हा त्यांच्यासाठी वर्षातला सर्वांत चांगला महिना असल्यामुळे काळजीचे कारण नाही.

आधी हे का घडले ते पाहू. बाजारात ज्याला आपण जिरेनियम म्हणतो ती ही झाडे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पेलार्गोनियम या प्रजातीत मोडतात आणि त्यांचे मूळ घर मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत आहे. केप प्रदेशाच्या नैऋत्य भागात पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणजे तिथून आलेल्या जातींना थंडी आणि ओल, किंवा ऊन आणि कोरडेपणा, या जोड्या ओळखीच्या आहेत. ऊब आणि ओल एकत्र आली की मात्र त्यांचे काही चालत नाही, आणि आपला जून ते सप्टेंबर नेमका तसाच असतो. माती आठवडेच्या आठवडे वाळत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि पिथियमसारखी मातीतली बुरशी बुंध्यात शिरते. खोड खालून वर काळे होत जाणे ही तिची ठळक खूण आहे. पानांवर पाऊस पडल्याने होणारे नुकसान त्यामानाने किरकोळ असते. झाड दगावते ते कुंडीतल्या साचलेल्या ओलीने.

आता फुटव्यांविषयी. पाते स्पिरिटने पुसून घ्यावे आणि काळ्या भागाच्या बरेच वर, निरोगी हिरव्या खोडावर काप द्यावा. कापलेले टोक डोळ्यांजवळ धरून नीट पाहावे. मध्यभागी किंवा कडेने तपकिरी वर्तुळ दिसले तर रोग तिथवर पोहोचला आहे असे समजून आणखी वर कापावे, आणि काप सर्वत्र सारखा फिकट हिरवा दिसेपर्यंत हे करत राहावे. हातात साधारण चार इंचांची, तीन-चार पेरांची छाटकलमे उरली तर पुरेशी आहेत. टोकाची दोन-तीन पाने ठेवून बाकीची खुडावीत, पानांच्या देठाशी असलेली लहान उपपर्णेही काढावीत, कारण कुजण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते. त्यानंतर ही कलमे लगेच मातीत न खोचता सकाळपासून संध्याकाळपर्यंत सावलीत कागदावर पसरून ठेवावीत. कापावर कोरडी खपली धरली की ती लावायला तयार झाली.

लावण्यासाठी जाडसर, धुतलेली वाळू आणि कोकोपीट समसमान घ्यावे. खत अजिबात घालू नये. दोन पेरे आत जातील इतके खोल लावून एकदाच पाणी द्यावे आणि वरचा थर कोरडा झाल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नये. गुलाबाच्या कलमांवर आपण प्लॅस्टिकची पिशवी घालतो, तशी येथे घालू नये. या पानांवर बारीक लव असते, ती ओल धरते आणि पिशवीत पाने सडतात. कलमे उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवावीत. पहिल्या आठवड्यात पाने मलूल होतात, त्याला घाबरू नये. तीन ते पाच आठवड्यांत नवे पान उलगडू लागले की मुळे धरली. कलम ओढून पाहण्याचा मोह मात्र आवरावा.

मोठ्या कुंडीसाठी मी लाल माती, जाड वाळू आणि जुने शेणखत किंवा गांडूळखत २:१:१ या प्रमाणात घेतो. कुंडी मातीची, तळाला मोठे भोक असलेली आणि झाडाच्या मानाने लहानच हवी, कारण मोठ्या कुंडीत मुळे न पोहोचलेली माती नुसतीच भिजून राहते. बोट दोन पेरे मातीत घालून कोरडे लागले तरच पाणी द्यावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मिळेल तितके ऊन द्यावे, मार्चपासून दुपारचे ऊन शेडनेटने अडवावे. फांदी वीतभर झाली की शेंडा खुडावा, म्हणजे खालून फुटवे येतात आणि आपल्या दुसऱ्या झाडासारखा शेंड्याला झुबका उरण्याची वेळ येत नाही. त्या झाडाची आता निम्म्याने छाटणी करावी, पण प्रत्येक फांदीवर निदान एक-दोन हिरवी पाने राहू द्यावीत; अगदी पान नसलेल्या नुसत्या लाकडावर छाटले तर ते फुटेलच असे नाही.

कायमचा उपाय विचारलात, तर माझे मत असे आहे की आपल्या हवामानात या झाडाकडे वर्षानुवर्षे टिकणारे झुडूप म्हणून पाहूच नये. मेच्या अखेरीस दोन-तीन कलमे लहान कुंड्यांत करून ठेवावीत आणि पावसाळाभर ती खिडकीच्या आत, उजेडाच्या पण पूर्ण कोरड्या जागी जेमतेम पाण्यावर सांभाळावीत. जुने झाड तगले तर उत्तमच, नाहीतर ऑक्टोबरात ही कलमे मोठी करावीत. असे केले की झाड दरवर्षी तरुण राहते, आणि पानांचा जोम व वास तरुण झाडावरच चांगला असतो.

निवृत्त_कीटकवाला (नागपूर):

मी डासांच्या प्रश्नापुरतेच लिहितो, कारण त्यावर स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. कुंडीत उभे असलेले हे झाड डास पळवत नाही.

‘सिट्रोसा’ किंवा ‘सिट्रोनेला प्लांट’ या नावांनी हे झाड उत्तर अमेरिकेत जोरात खपू लागले, तेव्हा सिट्रोनेला गवताचे गुण जिरेनियममध्ये उतरवून ते तयार केले आहे, असे विक्रेते सांगत असत. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याची प्रत्यक्ष रानात चाचणी घेतली आणि १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. झाडे जवळ ठेवून बसलेल्या माणसांना आणि झाडांशिवाय बसलेल्यांना डासांचा त्रास जवळपास सारखाच झाला; एवढेच नव्हे, तर डास त्या झाडाच्या पानांवर विसावताना दिसले. पानांतल्या तेलाचे पृथक्करण केले तेव्हा त्यात जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल अशी जिरेनियमची नेहमीचीच द्रव्ये आढळली आणि सिट्रोनेला गवताच्या तेलात असणारे सिट्रोनेलाल हे वेगळे द्रव्य मात्र अगदी नावापुरते निघाले. खरे सिट्रोनेला तेल ज्यापासून काढतात ते गवत आपल्या गवती चहाचे भावंड आहे, आणि त्याचा या झाडाशी दूरचाही संबंध नाही.

यामागचे कारण साधे आहे. जिरेनियमचे तेल पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथियुक्त लवेत बंद असते. लव मोडली की वास सुटतो. झाड स्वस्थ उभे असताना हवेत जे मिसळते ते इतके थोडे असते की आपल्याच नाकाला पान चुरडावे लागते. काढलेले तेल त्वचेवर लावल्यास काही काळ डासांना दूर ठेवू शकते, हे खरे असले तरी ते लवकर उडून जाते आणि लहान मुलाच्या त्वचेवर असली तेले लावण्याचा सल्ला मी देणार नाही. मुलासाठी मच्छरदाणी, अंगभर कपडे आणि बालरोगतज्ज्ञाने सुचवलेले मलम यांवरच भिस्त ठेवावी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, त्यामुळे मूल दुपारी झोपते तेव्हाही मच्छरदाणी हवी.

याच संदर्भात एक गोष्ट आपल्या गॅलरीत आजच तपासावी. कुंडीखाली पाण्यासाठी ठेवलेली ताटली ही एडिसची आवडती जागा आहे. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या कराव्यात, आणि नुसत्या ओतू नयेत तर काथ्याने घासाव्यात, कारण अंडी पाण्याच्या रेषेलगत कडेला चिकटलेली असतात व कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. डास हटवण्यासाठी आणलेल्या झाडाखालीच डासांची पैदास झालेली मी अनेक घरांत पाहिली आहे. जिरेनियमला ताटलीतले पाणी नकोच असते, तेव्हा ताटली काढूनच टाकली तरी झाडाचे काही बिघडत नाही.

ओटा_आणि_अंगण (ठाणे):

सासूबाईंचा विचार अगदी रास्त आहे. गुलाबगंधी जिरेनियमची पाने युरोपातल्या स्वयंपाकघरांत जुन्या काळापासून केक, जेली आणि साखरेला वास लावण्यासाठी वापरली जातात, आणि आपल्या दुधाच्या पदार्थांशी तर त्यांचे विशेष जुळते. मात्र पान वासापुरते घालायचे आणि काढून टाकायचे, हा नियम पाळावा. ते लवेमुळे जिभेला खरखरीत लागते आणि चावले तर तुरट-कडवट असते. शिवाय रोपवाटिकेतून आणलेल्या झाडावर कोणती औषधे मारली होती ते आपल्याला ठाऊक नसते, म्हणून नवीन झाडाची आहेत ती पाने न वापरता घरी फुटलेली नवी पानेच घ्यावीत. आपण जी कलमे करणार आहात त्यांच्यावर पुढे येणारी पाने या दृष्टीने निर्धास्त वापरता येतील. दुसऱ्या, डासांच्या नावाने विकलेल्या झाडाची पाने मात्र मी स्वयंपाकात घेत नाही. त्याचा वास साबणाकडे झुकतो आणि दुधात तो फारच जाणवतो.

बासुंदीची रीत सांगते. दूध आटवताना पान घालू नये. उकळत राहिले की वरचा कोवळा गुलाबी वास वाफेबरोबर निघून जातो आणि मागे हिरवट, औषधी चव उरते. बासुंदी पूर्ण झाली, साखर विरघळली, आच बंद केली, की अर्धा लिटर बासुंदीला तीन मध्यम पाने धुऊन, पुसून, हाताने हलकीच दाबून आत सोडावीत आणि झाकण घालावे. वीस मिनिटांनी चव पाहून पाने काढावीत. या बासुंदीत वेलदोडा आणि केशर दोन्ही घातले तर गुलाब हरवतो, म्हणून मी फक्त चिमूटभर केशर घालते. शेवयांच्या खिरीला आणि फिरनीलाही हीच रीत लागू पडते. श्रीखंडात पान थेट घालता येत नाही, तिथे वासाची साखर उपयोगी पडते.

ती साखर करायची तर पाव किलो साखरेला आठ-दहा पाने पुरतात. पाने धुतल्यावर पंख्याखाली पूर्ण कोरडी करणे महत्त्वाचे, नाहीतर साखरेचा गोळा होतो. बरणीत साखरेचा थर, त्यावर पाने, पुन्हा साखर, असे भरून दोन आठवडे ठेवावे आणि मधूनमधून बरणी हलवावी. थोडा दमटपणा आलाच तर साखर ताटात पसरून वाळवून मिक्सरमधून फिरवावी. या साखरेचे लिंबू सरबत उन्हाळ्यात फार छान लागते. केक करत असाल तर भांड्याला लोणी लावून तळाशी चार-पाच पाने पालथी मांडावीत आणि त्यांवर मिश्रण ओतावे. केक उलटा काढल्यावर पाने सोलून टाकली की खालच्या भागाला नक्षी उमटते आणि वास आतपर्यंत मुरलेला असतो.

चहाविषयी मात्र माझे मत प्रतिकूल आहे. गुलाबगंधी पान आले घातलेल्या दुधाच्या चहात घालणे म्हणजे दोन्हींचे नुकसान आहे. कोऱ्या, दुधाविना चहात एखादे पान बरे वाटते. लिंबाच्या वासाची जात मिळाली तर दुधाच्या चहातही चालते; तिचा वास गवती चहाप्रमाणेच सिट्रल या द्रव्यामुळे येतो.

ज्यांना इतर सुगंधी वनस्पतींची किंवा अत्तरांची अॅलर्जी आहे त्यांनी पाने हाताळताना जपावे, काहींच्या त्वचेवर पुरळ उठते. गर्भवती स्त्रिया आणि अगदी लहान मुले यांच्यासाठी मी ही पाने वापरत नाही.

थेम्सकाठी (लंडन):

येथे ही झाडे जवळजवळ प्रत्येक उद्यानकेंद्रात मिळतात आणि त्यांचे प्रकारही पुष्कळ आहेत, म्हणून दोन शब्द जातींविषयी. गुलाबाच्या वासात ‘अटार ऑफ रोझेस’ ही जात मला सर्वांत प्रामाणिक वाटते. ‘लेडी प्लिमथ’च्या पानांना पांढरट किनार असते, ती दिसायला देखणी आहे पण वासाला जरा सौम्य. लिंबाच्या वासात ‘मेबल ग्रे’ इतकी तीव्र आहे की एक पान पुरते. पेलार्गोनियम क्रिस्पमची पाने नखाएवढी आणि चुणीदार असतात. जेवणानंतर बोटे बुडवायच्या वाटीत ती घालण्याची येथे एकेकाळी पद्धत होती. पेलार्गोनियम टोमेंटोझमचे पान मखमलीसारखे आहे आणि त्याला पेपरमिंटचा वास येतो. इतरांच्या उलट त्याला थोडी सावली मानवते, त्यामुळे पुण्याच्या पूर्वेकडच्या गॅलरीत ते सुखाने राहील असे वाटते.

आमच्याकडे संकट पावसाचे नसून कडाक्याच्या थंडीचे आहे. पाने गोठली की झाड संपते, म्हणून ऑक्टोबरपासून ते मेपर्यंत कुंड्या घरातल्या थंड, उजेडाच्या खोलीत जवळजवळ कोरड्या ठेवाव्या लागतात. नाशिककरांनी पावसाळ्यासाठी सुचवलेली विश्रांती आणि आमची हिवाळ्यातली विश्रांती यांत तत्त्वतः फरक नाही. त्यांच्या एका मुद्द्याला मात्र माझी पुरवणी आहे: घरात आणलेल्या झाडावर पांढरी माशी हमखास येते. पाने उलटी करून पाहावीत, आणि दिसल्यास कडुनिंबाचे तेल व साबणाचे पाणी संध्याकाळी फवारावे. अर्थात ज्या पानांवर फवारणी केली ती बासुंदीत जाऊ नयेत.

घरात मांजर किंवा कुत्रा असल्यास कुंडी त्यांच्या तोंडापासून दूर ठेवावी. अमेरिकेतील एएसपीसीए ही प्राणिदया संस्था पेलार्गोनियमची गणना मांजरे आणि कुत्री या दोन्हींसाठी विषारी वनस्पतींत करते.

गॅलरीतली_बाग (पुणे):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काप तपासला, तपकिरी वर्तुळ खरोखरच होते आणि दोनदा वर कापल्यावर ते नाहीसे झाले. कलमे आता कागदावर सावलीत आहेत. ताटल्या काढून टाकल्या. तेलाचा प्रश्न मात्र राहिला. आमच्या ओळखीत एक जण शेतात जिरेनियम लावून तेल विकतात, त्यामुळे घरीही काही जमेल काय अशी उत्सुकता आहे. तसेच कलमे धरल्यावर पाने तोडायला केव्हा सुरुवात करावी?

माळावरचा_पाला (सातारा जिल्हा):

आमच्या घरी जिरेनियमची शेती आणि तेल काढण्याची भट्टी आहे, म्हणून तेलाविषयी मी लिहितो. तेल घरी काढण्याचा नाद सोडावा, पण सुगंधी पाणी जरूर काढावे.

याचे गणित असे आहे की ओल्या पाल्यात तेलाचे प्रमाण साधारण ०.१ ते ०.२ टक्के असते. म्हणजे एक किलो तेल हाती यायला अर्ध्या टनापासून एक टनापर्यंत पाला लागतो, आणि आपल्या दोन कुंड्यांतून वर्षभरात निघणारा सगळा पाला एकत्र केला तरी तेल भांड्याच्या कडांना लागूनच संपेल. आम्ही पाला कापून काही तास सावलीत सुकत ठेवतो, मग मोठ्या टाकीत दाबून भरतो आणि खालून वाफ सोडतो. वाफ तेल घेऊन नळीतून बाहेर येते, थंड पाण्यातून जाताना निवते आणि शेवटच्या भांड्यात पाण्यावर तेलाचा पिवळसर-हिरवट थर तरंगतो. या तेलात सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल भरपूर असते. गुलाबाच्या तेलातही हीच द्रव्ये असल्यामुळे अत्तर, साबण आणि अगरबत्तीच्या धंद्यात त्याला मागणी असते, आणि महागड्या गुलाबाच्या तेलात भेसळीसाठीही ते पूर्वापार वापरले जाते. रीयुनियन बेटावरचे ‘बूर्बाँ’ तेल एकेकाळी यात सर्वांत नावाजलेले होते. आपल्या देशात हे पीक आधी निलगिरीसारख्या दक्षिणेच्या डोंगरांत रुजले. पुढे लखनौच्या सीमॅप या संशोधन संस्थेने मैदानी भागासाठी वाण आणि पद्धती विकसित केल्या, आणि अलीकडे महाराष्ट्रातही बरेच शेतकरी त्याकडे वळले आहेत. पावसाळ्यात मातृरोपे मरतात, ही आमचीही सर्वांत मोठी अडचण आहे. आम्ही ती प्लॅस्टिकच्या छताखाली उंच वाफ्यांवर जगवतो आणि त्यांच्यापासून हिवाळ्यात नवी रोपे करतो, त्यामुळे वर नाशिककरांनी सांगितलेला मार्ग शेतातही तोच आहे.

त्यांच्याशी माझा मतभेद खताबाबत आहे. चौथा हिस्सा शेणखत किंवा गांडूळखत मला जास्त वाटते. नत्र आणि पाणी वाढले की पाला जोरात येतो, पाने मोठी व गर्द हिरवी दिसतात, पण चुरडल्यावर वास पाणचट लागतो. कुंडीत खत सहाव्या हिश्शापेक्षा अधिक नसावे आणि वरून द्यायचेच तर हिवाळ्यात दीड-दोन महिन्यांतून मूठभर पुरे. थोडे उपाशी आणि थोडे तहानलेले झाड अधिक वास देते.

सुगंधी पाण्यासाठी रुंद पातेले घ्यावे. मधोमध एक वाटी पालथी ठेवून तिच्यावर दुसरी रिकामी वाटी सरळ ठेवावी. भोवती दोन मुठी ताजी पाने आणि ती जेमतेम बुडतील इतके पाणी घालावे. पाणी वरच्या वाटीत शिरता कामा नये. पातेल्यावर झाकण उलटे, म्हणजे मूठ आत येईल असे ठेवून त्याच्या खोलगट भागात बर्फ घालावा. मंद आचेवर वाफ झाकणाला लागून निवते आणि मुठीवरून थेंबथेंब वाटीत पडते. अर्ध्या तासात चहाच्या कपाएवढे पाणी जमले की थांबावे, कारण पुढच्या पाण्याला शिजलेल्या पाल्याचा वास येतो. हे पाणी उकळून घेतलेल्या काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवून आठ-दहा दिवसांत संपवावे. त्यात टिकवणारे काहीही नसते. उशीवर शिंपडायला, अंघोळीच्या शेवटच्या तांब्यात किंवा मुलतानी माती कालवायला ते चांगले आहे. डोळ्यांत मात्र घालू नये.

बाजारातून तेल विकत आणल्यास ते कधीही पोटात घेऊ नये आणि त्वचेवर नुसते लावू नये. ३० मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात पाच-सहा थेंब, म्हणजे सुमारे एक टक्का, एवढे पुरते. तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर वाट पाहावी.

कुंडी_आणि_खुरपे (नाशिक):

खताचा मुद्दा सातारकरांच्या अनुभवातून आला आहे आणि वासासाठीच झाड ठेवायचे असेल तर तो मान्य करायला हवा. माझी झाडे उत्तरेच्या वाऱ्यावर उघड्या गच्चीत असतात, तिथे माती लवकर वाळते, म्हणून मला थोडे जास्त खत खपते. आपल्या गॅलरीसाठी त्यांचेच प्रमाण घ्यावे.

पाने तोडण्याविषयी: कलम धरले की पहिले दोन महिने शेंडा खुडण्यापलीकडे काही तोडू नये. खुडलेला शेंडा अर्थातच साखरेच्या बरणीत जाऊ शकतो. झाडाला पाच-सहा फांद्या आल्या, साधारण जानेवारीत, की एका वेळी एकूण पानांच्या चौथ्या हिश्शापर्यंत तोडायला हरकत नाही. सकाळी दव वाळल्यावर आणि ऊन चढण्यापूर्वी, पूर्ण उघडलेली पण जून न झालेली पाने देठासकट खुडावीत. कळ्या दिसल्या तर एखादा गुच्छ शोभेसाठी ठेवून बाकीच्या काढाव्यात. आणि मेच्या अखेरीस, पहिल्या वळवाच्या आधी, पावसाळ्यासाठीची कलमे करायला घ्यावीत.